थूल बाईंचं हॉटेल

१५ डिसेंबर १९७९, वर्धा रेल्वे स्टेशन. हजर: नववीच्या विद्यार्थिनी बावीस, शिक्षिका दोन (मी आणि थूल बाई), शाळेच्या मावशी किसनाबाई. गैरहजर: कोणी नाही. सामान एकतीस नग, त्यांपैकी थूल बाईंचा एक.

ही नोंद माझ्या सहलीच्या वहीतली. तो एक नग म्हणजे खांद्याला अडकवलेली खादीची शबनम. तिच्यात दोन पातळं, एक शाल आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. कलकत्त्याला जायचं, ऐन थंडीत सहा दिवस राहायचं, आणि ही बाई बाजारातून मेथी आणायला निघाल्यासारखी फलाटावर उभी.

"थूल बाई, बाकीचं सामान कुठे आहे?"

"हेच हाये न बाई."

"सहा दिवसांचं?"

"कलकत्त्यात धुवाले पाणी नाई काय?"

मुली हसल्या. थूल बाई बोलल्या की मुली हसत, आणि मी बोलले की 'हो बाई' म्हणत. हा फरक मला त्या दिवशी नव्यानं कळला नव्हता.

मला त्यांचा हेवा वाटत असे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. सुशीला थूल १९७८ च्या जूनमध्ये आमच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला आल्या. माहेर बोरगाव मेघे, वडील सूतगिरणीत, घरात मॅट्रिक झालेली ही पहिलीच. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, उंच, सावळ्या, आणि पावलं इतकी लांब टाकणाऱ्या की बरोबर चालणाऱ्याला धावावं लागे. फळ्यासमोर शुद्ध पुस्तकी मराठी बोलत आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की आमची वऱ्हाडी. त्यांच्याकडे टाचण नसे, डायरी नसे, पिशवीत पेनसुद्धा दुसऱ्याचं सापडे. काही अडलं की म्हणत, "विचारू न कोणाले." आणि काही बिघडलं की, "होऊन जाते, बाई. तुमी बसा." मी बसत नसे. मी उठून ते काम करत असे, आणि नंतर सगळ्यांच्या लक्षात राही ते थूल बाईंचं 'होऊन जाते'.

सहल मात्र माझी होती. अकरा वर्षं मी सहलप्रमुख होते आणि माझी एक पद्धत होती. ऑगस्टमध्ये गाव ठरवायचं. सप्टेंबरमध्ये तिथल्या धर्मशाळेला पत्र घालायचं. धर्मशाळेला आधी यादी लागे, म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरवरून मी ती स्वतः उतरवून काढत असे. पाच रकाने: क्रमांक, नाव, गाव, जात, वय. पट्टीनं आखलेले, निळ्या शाईत. मग चूक राहू नये म्हणून ती यादी वर्गात उभी राहून वाचून दाखवायची. नाव चुकलंय का, वय चुकलंय का, ज्या मुलीचं असेल तिनं हात वर करायचा. त्यानंतर दोन-चार मुली गळत. कोणाची आजी आजारी पडे, कोणाकडे कापूस वेचायला माणूस नसे. त्यांची नावं आणि कारणं मी शेवटच्या पानावर लिहून ठेवी. अकरा वर्षांत एकदाही आम्ही कुठे अडकलो नाही, उपाशी राहिलो नाही, एकही मुलगी हरवली नाही. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणायच्या, "भोयर बाई आहेत म्हणून मला रात्री झोप लागते."

त्या वर्षी सहलीच्या बैठकीत मी कलकत्त्याच्या एका धर्मशाळेचं पत्र टेबलावर ठेवलं. यादी पाठवा, जागा देतो, असं त्यात होतं. थूल बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "धर्मशाळेत नको. हॉटेलात राहू."

सगळ्या शिक्षिकांनी माना वळवल्या. शाळेच्या सहलीनं हॉटेलात उतरायचं, हे आमच्याकडे कोणी ऐकलं नव्हतं. मोठ्या बाईंनी कारण विचारलं.

"मुझियम पाच मिनिटांवर हाये. ट्राम दारातून जाते. पोरींची पायपीट वाचंन."

मी सात मुद्दे मांडले. शिस्त, जेवण, अनोळखी माणसं, खोल्यांच्या किल्ल्या, पालक काय म्हणतील वगैरे. थूल बाईंनी कोणाच्या तरी वहीतून फाडलेल्या कागदात गुंडाळलेलं एक पत्र काढलं आणि मोठ्या बाईंपुढे सरकवलं. हॉटेलच्या मॅनेजरचं होतं, टंकलेखन केलेलं. त्यांचा भाऊ खडगपूरला रेल्वेत होता. त्यानं आईला आणि यांना एकदा कलकत्ता दाखवलं होतं तेव्हा ते दोन दिवस त्याच हॉटेलात उतरले होते. ओळख निघाली होती, शाळेसाठी दरात सवलत मिळाली होती, आणि मॅनेजरला यादीबिदी काही नको होती, फक्त माणसं किती ते कळवायचं होतं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "एक वर्ष करून तर पाहू."

अकरा वर्षांची माझी पद्धत एका वाक्यात गेली. दुपारच्या सुट्टीत मी शिक्षकखोलीत म्हटलं, "थूल बाईंना हॉटेलची चटक लागलेली दिसते." त्या दारातच उभ्या होत्या. हसून म्हणाल्या, "हो न. एकडाव त्या गादीवर झोपून पाहा, तुमालेही लागंन."

मी हॉटेल मनातून मान्य केलं नाही. दोन स्टोव्ह, पातेल्यांचं पोतं, कणकेचा डबा, बादल्या आणि दोर, औषधाची पेटी हे पाच नग मी नेहमीसारखेच घेतले, आणि धर्मशाळेचं पत्र पर्समध्ये ठेवलं. हॉटेल फसेल, थूल बाईंचं 'होऊन जाते' तिथे चालणार नाही, आणि बावीस मुलींना घेऊन मी शांतपणे धर्मशाळेची वाट धरीन, असं मी गाडीत किती वेळा मनात रंगवलं ते सांगत नाही.

हॉटेल फसलं नाही. रस्त्यावर मोठाल्या कमानी होत्या आणि त्यांच्याखाली सावलीतून चालायची वाट. इंग्रजांच्या काळात तिथे साहेबलोक उतरत. साहेब गेल्यावर हॉटेल म्हातारं झालं होतं, पण घरंदाज म्हाताऱ्यासारखं स्वच्छ. छत इतकं उंच की पंख्याच्या दांड्या दोन पुरुष लांब. लाकडी जिन्याचे कठडे हात लागून लागून काळेभोर झालेले. मधोमध लोखंडी पिंजऱ्यासारखी लिफ्ट. किसनामावशी तिच्यात शिरेचनात. म्हणाल्या, "मी पायानंच येतो. मले कोंबडीसारखं नाई जायचं."

गल्ल्यामागे धोतर-कोट घातलेला एक वृद्ध मॅनेजर बसला होता. त्यानं जाडजूड रजिस्टर आमच्याकडे फिरवलं. मी माझी यादी पुढे केली. एका सहीत काम झालं असतं.

"नाई," थूल बाई म्हणाल्या, "एकेकीले सही करू द्या."

"बावीस सह्या? अहो, सगळ्या उपाशी आहेत."

"करू द्या न बाई. अजून कुठं करतात ह्या सह्या?"

मॅनेजर हसून पेन टीपकागदावर पुसू लागला. पाऊण तास गेला. थूल बाई रजिस्टरपाशी उभ्या राहिल्या ते शेवटची मुलगी होईपर्यंत हलल्या नाहीत. शालू ताकसांडे म्हणून एक मुलगी होती, अबोल, नेहमी शेवटच्या बाकावर बसणारी. तिनं सही करण्याआधी रकान्यांची नावं बोट ठेवून वाचली. तारीख, नाव, गाव, सही. एकदा थूल बाईंकडे पाहिलं, आणि मग सावकाश, मोठ्या अक्षरात सही केली. मी घड्याळ पाहत होते. मला वाटलं, हे सगळं मला दाखवण्यासाठी चाललंय.

वहीत मी 'हॉटेलचे दोष' असं एक पान उघडलं. सहाव्या दिवशी त्यावर तीन नोंदी होत्या: एक, नळ गळतो. दोन, लिफ्टचा आवाज. तीन, जेवणघरात मांजर. मुलींनी त्या मांजराचं नाव ठेवलं होतं.

ट्राम खरोखरच दारातून जाई. मी नकाशा उघडून बसे, प्रत्येक थांब्यावर मुली मोजे. थूल बाई शेजारच्या माणसाला विचारत. त्यांची हिंदी आमच्या नागपूर-वर्ध्याकडची, आणि तिथल्या लोकांची बंगाली वळणाची. तरी कसं कोण जाणे, जमत असे. एकदा एक म्हातारे गृहस्थ आपला थांबा सोडून आमच्याबरोबर तीन थांबे पुढे आले, खाली उतरून दिशा दाखवली, आणि निघताना थूल बाईंना हात जोडून नमस्कार करून गेले. नकाशा माझ्या हातात होता. दिशा नकाशातही तीच होती. तो मी घडी करून पर्समध्ये टाकला. ट्राममध्ये मुली थूल बाईंच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं बसत आणि माझ्या शेजारची जागा किसनामावशींच्या पिशवीसाठी रिकामी असे.

संग्रहालय खरंच पाच मिनिटांवर होतं. म्हणून आम्ही एकदा जायचं ते तीनदा गेलो. मुलीच म्हणाल्या, पुन्हा जाऊ. धर्मशाळेतून हे जमलं नसतं, आणि ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. तिथे एका दालनात लाल दगडाचा जुना कठडा आहे, स्तूपाभोवतीचा. त्यावर कमळं, हत्ती, झाडाखालच्या रिकाम्या आसनाला हात जोडलेली माणसं. मुली भरभर पुढे गेल्या. थूल बाई मात्र तिथल्या बाकावर बसून राहिल्या, आणि शालू त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी. मी जाऊन म्हटलं, "चला, नऊ मिनिटं उशीर झालाय."

"बाई, पाच मिनिटं द्या," त्या म्हणाल्या.

पूर्ण सहलीत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी दिली, पण घड्याळाकडे बघत दिली.

शेवटच्या दिवशी दुपारी बसची वाट पाहत आम्ही कमानीखाली सामान लावत होतो. मुली थूल बाईंबरोबर मांजराला शेवटचं दूध पाजायला गेल्या होत्या. किसनामावशी न पेटवलेल्या स्टोव्हना पुन्हा सुतळी बांधत होत्या.

"हे ओझं काऊन आणलं बाई आपण?"

"धर्मशाळेत जावं लागलं तर म्हणून."

त्यांनी गाठ मारली, मग दुसरी मारली. "धर्मशाळा असती तं शालू आली नसती. तिच्या मोहल्ल्यातल्या त्या तिघीही नसत्या आल्या."

"का?"

"कांता काऊन नाई आली दोन सालाआधी?"

कांता म्हणजे शालूची थोरली बहीण. नकाशे इतके सुंदर काढायची की मी ते भिंतीवर लावत असे. "तिची आजी आजारी होती," मी म्हटलं.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल होतं. "तिची आजी तं कधीचीच मेली होती बाई. तुमाले खरंच मालूम नाई? तुमी वर्गात जात वाचून दाखवता न यादीतली. शालूच्या मायनं थूल बाईले सांगतलं हे."

मग मला चार वर्षांपूर्वीची जबलपूरची सहल आठवली. तिथल्या धर्मशाळेच्या मुनीमजींनी माझ्या नीटनेटक्या यादीवरून बोट फिरवलं होतं, चौथ्या रकान्यात दोन ठिकाणी थांबवलं होतं, आणि म्हणाले होते, "इन दोनों को बाजूवाला कमरा." मी 'ठीक' म्हटलं होतं. वहीत नोंदही आहे: 'मुली दोन, बाजूची खोली.' त्या दोघी तीन दिवस आमच्या पंगतीला बसल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या, आणि मी औषधपेटीतून त्यांना पाचकाची गोळी दिली होती. त्या मुलींनी घरी जाऊन काय सांगितलं असेल आणि मोहल्ल्यातल्या इतर मुलींनी काय ऐकलं असेल, ते मला त्या कमानीखाली, स्टोव्हशेजारी उभं राहून कळलं. मी वही काढली आणि शेवटची पानं उघडली. दरवर्षीची गळालेली नावं. त्यांची आडनावं वाचली. कारणं मी काय सुंदर अक्षरात लिहिली होती.

आता खरं सांगायचं तर मला आधी पश्चात्ताप झाला नाही. आधी हेवाच वाटला. हे किसनाबाईंना माहीत होतं, शालूच्या आईनं थूल बाईंना सांगितलं होतं, आणि मला, मुलींना अकरा वर्षं सांभाळणाऱ्या मला, कोणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं गोंदिया सोडलं तेव्हा मी थूल बाईंच्या समोर जाऊन बसले. त्या लाडू खात होत्या. एक माझ्या हातावर ठेवला.

"मीटिंगमध्ये खरं कारण का नाही सांगितलं?" मी विचारलं.

कोणतं कारण, असं त्यांनी विचारलं नाही. "सांगतलं असतं तं तुमी त्यावरही सात मुद्दे मांडले असते."

"नसते मांडले."

"आन् पोरींची नावं निघाली असती सगळ्यांसमोर. पुन्हा तेच झालं असतं."

बाहेर धानाची कापलेली शेतं पळत होती. त्या म्हणाल्या, "तुमच्या याद्या चांगल्या असतात बाई. पण तो रकाना मोठ्यानं वाचाले कोणी सांगतलं होतं?"

"कोणीच नाही. चूक राहू नये म्हणून वाचायची."

"चूक तं एकही नाई राह्यली तुमची."

त्या हे रागानं बोलल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. त्या लाडवाचा चुरा पदरावरून झटकत बोलल्या. मग म्हणाल्या, "मी आठवीत होती तवा आमच्या बाईंनी असंच वाचलं होतं. म्या घरी जाऊन सांगतलं, माह्यं पोट दुखते. आईनं ओवा देल्ला. चार दिवस ओवा खाल्ला, पोट चांगलं असतानी." आणि हसल्या.

म्हणजे बैठकीत संग्रहालय आणि ट्राम पुढे करून त्यांनी मुलींना तर झाकलंच होतं, मलाही झाकलं होतं. याचाही मला राग आला. चांगुलपणात कोणी आपल्या पुढे गेलं की जो राग येतो, तो सगळ्यात चिवट असतो. मी तो लाडू वर्ध्यापर्यंत हातात धरून बसले होते.

पुढच्या वर्षीपासून माझ्या यादीत चार रकाने झाले, आणि ती मी वाचून दाखवणं सोडलं. धर्मशाळा सोडली. गाव ठरलं की थूल बाई कोणाला तरी विचारून स्टेशनाजवळचं एखादं जुनं हॉटेल शोधून काढत आणि मी पत्रव्यवहार करत असे. लोक म्हणत, तुमची जोडी छान जमते. जमत होती. पण गाडीत मुली बसत त्यांच्याच शेजारी.

१९८३ मध्ये त्यांची आर्वीला बदली झाली. निरोपाचा कार्यक्रम संपल्यावर शाळेच्या फाटकाशी त्या म्हणाल्या, "कांता सिंदी मेघेले देल्ली हाये. एखांद्या दिवशी जाऊन येजा तिच्याकडं."

"काय सांगू तिला जाऊन?"

"ते मले कायले विचारता? यादी करा न." आणि लांब ढांगा टाकत बसस्टँडकडे गेल्या.

तीन वर्षांनी त्यांना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. वय एकोणचाळीस. शालूचं पत्र आलं. ती तोवर नर्स झाली होती. मी पहिल्या बसनं आर्वीला गेले. अंगण भरून बाया होत्या, त्यांत मी शिकवलेल्या कितीतरी. त्या रडत होत्या आणि मी त्या किती आहेत ते मोजत होते. माझ्यासाठी इतक्या येतील का, असं माझ्या मनात आलं. त्या बाईंच्या अंगणात, त्यांना न्यायच्या आधी, हे माझ्या मनात आलं.

सिंदी मेघे माझ्या घरापासून सायकलनं वीस मिनिटांवर आहे. 'कांताकडे जाणे' हे काम मी दर रविवारच्या कामांत लिहिते आणि रविवार संपला की पुढच्या पानावर उतरवून घेते. गेल्या एप्रिलमध्ये एकदाची गेले. काय बोलायचं ते चुकू नये म्हणून तीन वाक्यं कागदावर लिहून नेली होती. कांता शिलाई मशीनवर बसली होती, शेजारी ब्लाउजांचा ढीग. मला पाहून चटकन उठली.

"बाई तुमी? इकडं कशा?"

"इकडे एक काम होतं," मी म्हटलं.

तिनं चहा टाकला. मुलीला पाया पडायला लावलं. मुलगी दुसरीत आहे. मग मशीनच्या चाकावर हात ठेवून सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, शालू सांगे का हावड्याचा पूल हालते म्हने, ट्राम गेली का. खरं हाये काय?"

"थोडा हलतो."

"तुमाले भेव नाई वाटलं?"

"नाही."

तिनं मान हलवली आणि पूल केवढा, कसा, सगळं विचारून घेतलं. मी सांगत गेले. चहा झाला. सुपारी झाली. ती मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली, आणि तो कागद पर्समध्ये तसाच घेऊन मी घरी परतले.

आता नोव्हेंबर आहे. तीन वाक्यं आहेत. सांगायची राहिली आहेत.